कपाटातली नंबरप्लेट

आमची सलोनी सत्तावीस वर्षांची आहे, माणिकपूरच्या एका बँकेत काउंटरवर बसते आणि दर रविवारी आजोबांची जीप चिखलात घालते. नातेवाइकांत तिची चौकशी झाली की मी पहिल्या दोन गोष्टी सांगते आणि तिसरी चहाबरोबर गिळते.

चिखल वाटेत लागतो असं नाही, त्यासाठी मुद्दाम जातात. आमचा मेकॅनिक सॅन्टन, त्याच्या भावाची गास गावाच्या पुढे पडीक खार जमीन आहे. तिथे सात-आठ जीपा जमतात. आधी एकाने गाडी रुतवायची, मग सगळ्यांनी मिळून ती ओढून काढायची, मग दुसऱ्याने रुतवायची. दुपारी सगळे समाधानाने घरी जातात. मी बी.ए. आहे, मानसशास्त्र घेऊन, पण ह्याचं कारण मला कुठल्या पुस्तकात भेटल्याचं आठवत नाही.

जीप माझे सासरे नरहरी ह्यांची. गासच्या वाडीतून केळीचे घड आणि फुलांच्या टोपल्या तिच्यातून वसईच्या बाजारात जायच्या. सलोनी सोळा वर्षांची असताना त्यांनी तिला वाडीतच, केळीच्या दोन रांगांमधून, ती चालवायला शिकवली. एक केळ आडवी झाली. "ती पडणारच होती," सासरे म्हणाले. मुलगी त्या दिवशी हाताबाहेर गेली, असं माझं मत आहे. सासरे गेल्यावर वाडी चुलत्यांकडे राहिली आणि आमच्या वाट्याला जीप आली. कागदोपत्री ती माझ्या नवऱ्याच्या, जितेंद्रच्या नावावर आहे.

बँकेत मात्र हीच सलोनी वेगळी असते. तिथे तिला एक वेलांटीही चुकलेली चालत नाही. समोरच्या इमारतीतल्या जेनिफर टीचर तिला जन्मापासून ओळखतात. त्यांच्या सहीची शेवटची शेपटी आखूड आली म्हणून तिने त्यांना स्लिप पुन्हा भरायला लावली. "आशा," टीचर मला बाजारात म्हणाल्या, "हिच्या बाप्तिस्म्याला... म्हणजे बारशाला मी पाळणा हलवला गं! आणि ही मला विचारते, ही सही तुमचीच का?" मी घरी येऊन सलोनीला बोलले. ती म्हणाली, "आई, मी त्यांना ओळखते. सहीला नाही ओळखलं."

आता नंबरप्लेटचं. जीपच्या पुढे सलोनीने जाड लोखंडी बंपर बसवून घेतला आहे आणि त्यावर दोर गुंडाळायचं एक यंत्र, रुतलेल्या गाड्या ओढायला. त्यामुळे पुढच्या नंबरप्लेटला जागाच राहिली नाही. सॅन्टनने ती खाली लटकवली. पहिल्याच रविवारी चिखलाने ती काढून घेतली. परत येताना वाहतूक पोलिसांनी अडवलं. पहिलं चलान.

नवी प्लेट मिळवायची तर आधी जुनी हरवल्याची तक्रार लागते. मी सोबत गेले होते.

"काय हरवलं?" पोलीस ठाण्यातल्या बाईंनी विचारलं.

"नंबरप्लेट. पुढची."

"कुठे?"

"चिखलात."

"कुठल्या चिखलात?"

सलोनीने प्रामाणिकपणे सांगितलं, "खोल."

नवी प्लेट यायला महिना लागला. ती लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चलान. ह्या वेळी प्लेट जागेवर होती, पण तिच्यावर बोटभर चिखल होता. "नंबर आहे ना!" सलोनी म्हणाली. "असेल," पोलीस म्हणाले, "पण वाचून दाखवा." तिला दाखवता आलं नाही.

चलानाचा मेसेज जितेंद्रच्या फोनवर येतो. जितेंद्रने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वर्गात त्याचा एकच नियम होता, तिसऱ्या चुकीला बाहेर. तो त्याने घरात आणला. "तिसरं चलान आलं की जीप विपुलला द्यायची," तो म्हणाला.

"चालेल," सलोनी म्हणाली. नियम म्हटल्यावर ती वाद घालत नाही.

हा विपुल विरारला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो आणि आमच्या जीपसाठी महिन्यातून एकदा जितेंद्रला फोन करतो. त्याला आमच्या जीपचा पत्ता लागला कसा, ह्याचं जितेंद्रला आश्चर्य वाटायचं. मला वाटत नसे. जितेंद्रचा नंबर मीच त्याला दिला होता, जीपच्या चार बाजूंनी काढलेल्या फोटोंसकट. काय करणार? रविवारी दुपारपर्यंत मी गॅलरीत उभी असते. दोन वर्षं झाली. शेजाऱ्यांना वाटतं मला कबुतरं आवडतात.

पण सलोनी त्या दिवशी "चालेल" म्हणाली आणि जेवली नाही. ताट सारून नुसती खाली पार्किंगमध्ये जाऊन जीपमध्ये बसली. मी वरून बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि गाडी बंद. तेव्हापासून तिसरं चलान येऊ नये म्हणून सगळ्यात जास्त धडपड मीच केली.

सॅन्टनला सांगून मी प्लेट एका लोखंडी पट्टीवर बसवून घेतली. पट्टी बंपरला दोन नटांनी लागते, नट हाताने फिरतात. चिखलात उतरण्याआधी पट्टी काढून सीटमागे ठेवायची, रस्त्यावर येताना परत लावायची. "आशाबाय, आता पानी येऊ दे, चिखल येऊ दे," सॅन्टन म्हणाला, "ही प्लेट कुठं जायची नाय." पाच रविवार ती कुठे गेलीही नाही.

मग गेला शनिवार आला. संध्याकाळी भाजी घेऊन येताना मी जीपवर नजर टाकली. ती नेहमी भिंतीकडे तोंड करून उभी असते. भिंत आणि बंपर ह्यांच्यामध्ये मी आडवी शिरले आणि हात लावून बघितलं तर एक नट सैल! उद्या रस्त्यात हा गळणार, प्लेट पडणार, कोणीतरी अडवणार. मी तो घट्ट करायला गेले. नट कुठल्या बाजूला फिरवायचा हे मला डब्यांच्या झाकणांमुळे पक्कं माहीत आहे, पण पाठ भिंतीला, मान खाली आणि हात उलटा, अशा अवस्थेत माहितीचा उपयोग होत नाही. नट माझ्या तळहातात आला. मग दुसऱ्याचाही मला भरवसा वाटेना. मी तोही काढला, पट्टीसकट प्लेट आणि दोन्ही नट भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीशेजारी ठेवले आणि वर आले.

घरी तिला भांड्याच्या साबणाने घासली, पुसली. आता ठेवायची कुठे? घरातली हरवू नये अशी प्रत्येक वस्तू मी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवते. सलोनीचं पदवीचं प्रमाणपत्र आणि माझा शालू ह्यांच्यामध्ये प्लेट छान बसली. कुलूप लावलं. सलोनी मैत्रिणीकडे, ब्रिटनीच्या वाढदिवसाला गेली होती. सकाळी निघताना तिच्या हातात देऊ, असं मी ठरवलं.

सकाळी निघताना मी तिच्या हातात थालीपिठाचा डबा दिला, पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या, टोपी दिली, कोरडे मोजे दिले. तिने जीप मागे घेतली, वळवली आणि गेली. प्लेट तिनेच मागच्या रविवारी लावलेली, ती कशाला वाकून बघेल?

पावणेआठला फोन आला.

"आई, पुढची प्लेट नाहीये." तिचा आवाज बारीक झाला होता. "मी अजून चिखलात गेलेच नाही गं. रस्त्यात कुठे पडली असेल? गासच्या चर्चच्या वळणावर अडवलंय. बाबांना काय सांगू?"

मी कपाटाकडे बघितलं.

"सलोनी, तू तिथेच थांब. साहेबांनाही थांबवून ठेव."

"त्यांना कशी थांबवू? तेच मला थांबवतायत!"

मी फोन ठेवला, प्लेट नटांसकट टॉवेलात गुंडाळली आणि घरच्या ड्रेसवर, पायात न्हाणीघरातली स्लीपर, तशीच रिक्षात बसले. जितेंद्र आंघोळीला गेला होता, हे एक बरं.

गासच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा नुकतीच सुटली होती. त्या गर्दीसाठीच हवालदार वळणावर उभे होते. अर्धं गाव चांगल्या कपड्यांत रस्त्याच्या कडेला, आणि मधोमध आमची जीप, आदल्या आठवड्याच्या चिखलासकट. मी रिक्षातून उतरून टॉवेल सोडला.

"साहेब, ही बघा! हरवलेली नाही. माझ्याकडे होती."

सलोनीने माझ्याकडे बघितलं. "तुझ्याकडे? कुठे?"

"कपाटात."

"कपाटात का?"

"सुरक्षित राहावी म्हणून."

हवालदारांनी प्लेट हातात घेतली, वास घेतला. "लिंबाचा साबण वाटतं?"

"हो. स्वच्छ आहे ना? आता लावते. दोन मिनिटं."

"थांबा, काकी." त्यांनी सलोनीकडे निरखून बघितलं. "मॅडम, तुम्ही त्या बँकेतल्या ना? दोन नंबरच्या खिडकीवर?"

"हो."

"नोव्हेंबरमध्ये माझे वडील आले होते. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला."

सलोनीने क्षणभर विचार केला. "आधार कार्ड घरी राहिलं होतं. ते काका का?"

"तेच. वडील समोर उभे होते, मॅडम. खोकत होते. तुम्ही काय म्हणालात? 'काका, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, पण कागद नाही.'"

मिस्सेहून निघालेले चार-सहा जण जवळ सरकले होते. एक आजी म्हणाली, "असं बोलली? बाय गं!"

"दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून त्यांना परत आणलं," हवालदार म्हणाले. "आता सांगा. ही प्लेट मला दिसतेय. स्वच्छ आहे, वासही चांगला आहे. पण गाडीवर आहे का?"

मी सलोनीला कोपराने ढोसलं. म्हटलं, आता माफी माग, दोन गोड शब्द बोल. आणि ही काय म्हणाली?

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे तुमचं. करा चलान."

"अगं!" मी ओरडले. "साहेब, हिचं ऐकू नका. चूक माझी आहे. माझ्या नावाने करा."

"चलान गाडीवर होतं, काकी. माणसावर नाही."

"पण मीच काढली ना! तिला माहीतही नव्हतं. ह्या चलानाने तिची गाडी जाईल. तिच्या आजोबांची आहे हो." माझा आवाज नको तेवढा चढला असावा, कारण चर्चच्या पायरीवरून जेनिफर टीचरांनी हाक मारली, "आशा, तू आहेस का ती?" गासला त्यांचं माहेर, हे मी विसरले होते.

हवालदार जरा नरमले. "चलानाचं पुढे काय होतं ते मला माहीत नाही. मला फोटो काढावा लागतो." त्यांनी फोन वर धरला.

मला एकच सुचलं. मी धावले, बंपरसमोर बसले आणि दोन्ही हातांनी प्लेट तिच्या जागेवर धरली.

"काकी, बाजूला व्हा."

"ही बघा, आहे की नाही गाडीवर? वाचा नंबर!"

"हात काढा, म्हणजे आहे का कळेल."

मी हात काढले नाहीत. फोटो निघाला. सलोनीने त्यांना विचारलं, "वडील कसे आहेत?" ते म्हणाले, "खोकला कमी आहे." मग त्यांनीच वाकून मला दोन्ही नट लावून दिले, उजवीकडे फिरवून.

घरी आलो तेव्हा जितेंद्र टेबलापाशी फोन घेऊन बसला होता. सलोनीने जीपची चावी त्याच्यासमोर ठेवली.

"तिसरं झालं, बाबा. ठरल्याप्रमाणे विका." आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.

जितेंद्र चावीकडे बघत नव्हता. तो चलानातला फोटो बोटांनी मोठा करत होता.

"आशा, ही तू आहेस?"

मी फोटो बघितला. आमची जीप, तिच्यापुढे उकिडवी बसलेली मी, केस विस्कटलेले, एक स्लीपर पायात आणि एक रस्त्यावर, आणि छातीशी नंबर, अगदी स्वच्छ वाचता येणारा. मागे जेनिफर टीचर, तोंडावर हात.

"ह्यात गाडीपेक्षा तूच जास्त दिसतेस," तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. नट, कोथिंबीर, कपाट. मग म्हटलं, एवढं सांगितलंच आहे तर तेही सांगावं, आणि विपुलचंही सांगितलं. फोटो मी पाठवले होते, हेही. सलोनी खिडकीतून वळली.

"तू? तू मला विकत होतीस?"

"तुला नाही गं. जीपला."

"तेच ते."

मी चावी उचलली आणि माझ्या मुठीत ठेवली. "जितेंद्र, तुझ्या वर्गात एकाने वही लपवली म्हणून दुसऱ्याला बाहेर काढायचास का?"

त्याने फोन खाली ठेवला. गणिताच्या माणसाला उदाहरण चुकीचं मांडलं गेल्याचा फार त्रास होतो.

"नाही," तो म्हणाला. "म्हणजे हिची दोनच. हे तुझं पहिलं."

"मग माझी अजून दोन शिल्लक आहेत," मी म्हटलं आणि चावी सलोनीला दिली. ती घेऊन ती लगेच खाली गेली. नट तपासायला, असं म्हणाली. मी गॅलरीतून बघितलं. ती जीपमध्ये नुसती बसली होती, पण ह्या वेळी थालीपिठाचा डबा उघडून.

संध्याकाळी विपुलला मीच फोन लावला. "मॅडम, ठरलं का?" तो म्हणाला. मी सांगितलं, जीप विकायची नाही, फोटो पुसून टाक. तो म्हणाला, "का? काही प्रॉब्लेम?" मी म्हटलं, नवा फोटो आला आहे, त्यात मी आहे, आणि तो विकायचा नाही.

कपाटाच्या त्या कप्प्याची चावी आता सलोनीकडे असते. प्रमाणपत्र लागलं तर माग, म्हणाली, पण लेखी अर्ज कर.