मानेतली सुई आणि पडद्यापलीकडचे दीर

ऑपरेशन म्हटलं की मी दहा हात लांब पळते. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मान दुखते, हाताला मुंग्या येतात, म्हणजे नस दबली असेल. सांगलीला स्नायूंची तपासणी करून या. नस खराब निघाली तर कापावं लागेल." कापावं म्हणे! माझी मान म्हणजे काय भेंडी हाय का?

गाडी नवरा चालवत होता. त्याच्या शेजारी थोरले दीर, मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. देवमाणूस, पण तीस वर्षांत माझ्याशी सरळ एक शब्द बोलले नव्हते. मी मागं बसलेली असताना नवऱ्याला म्हणायचे, "तिला सांग, पाणी पी म्हणावं." आमच्यात पद्धतच तशी. मीही त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही.

सांगलीत मला कॉटवर पालथं झोपवलं; नवरा उशाशी, दीर पडद्यापलीकडं. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. मानेत बारीक सुई टोचून म्हणाली, "काकू, अंग सैल सोडा. स्नायू सैल असला की मशीन गप्प राहतं. सैल असूनही वाजलं, तर नसेत गडबड."

मशीन खरखरायला लागलं.

"सैल सोडा."

"सोडलंय की गं बाई!"

खर्र, खर्र. माझं धाबं दणाणलं. आता कापतायत मला.

तेवढ्यात पडद्यापलीकडून दीर खाकरले. मशीननं असा कडकडाट केला की नवऱ्याच्या हातातली माझी पर्स खाली पडली.

"मशीन बिघडलंय का काय रं?" दिरांनी विचारलं. पुन्हा कडकड!

पोरगी हुशार. तिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पालथी पडूनही मी एका हातानं पदर कपाळावर धरून ठेवला होता.

"पलीकडं कोण आहे?"

"थोरले दीर."

"काका," तिनं हाक मारली, "खाली जाऊन चहा घेऊन या बरं."

त्यांचे बूट जिना उतरून गेले. मी हात खाली घेतला. मशीन एकदम गप!

मग खांदा, दंड, मनगट, सगळीकडं सुई फिरली. शेवटी ती म्हणाली, "नस चांगली आहे. ऑपरेशनची गरज दिसत नाही. तुम्ही मान सारखी आवळून धरता, म्हणून दुखते." मी तिथंच रडले. लाज कसली त्यात?

नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. खाली जाऊन त्यानं भावाला सगळं सांगून टाकलं, अगदी खाकरण्यासकट. परतीच्या वाटेवर कासेगाव मागं पडलं, तसे दीर समोर रस्त्याकडं बघतच म्हणाले, "माझ्या धाकानं दुखती व्हय गं तुझी मान?"

नवऱ्यानं आरशातून माझ्यावर डोळे वटारले. "न्हाई" म्हणायला मी तोंड उघडलं, पण जीभ वळेना.

"व्हय दादा," मी म्हटलं, "लय दुखती."