घोसाळ्याची जाळी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण आठवली की माझाच मला संताप येतो. पण आज नात न्हाणीघरात कोरड्या ब्रशनं अंग घासत होती, ती खसखस ऐकू आली आणि सगळं आठवलं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. चढेल म्हणून मी सगळा कापूस झोपायच्या खोलीत आढ्यापर्यंत रचला आणि आम्ही त्यालाच टेकून निजायचो. त्या कापसानं बायकोच्या हातांवर पुरळ उठलं, कातडी खरखरीत झाली. महागावला तिच्या भाचीचं लग्न होतं आणि पहिली हळद हीच मावशी लावणार होती. म्हणून रोज सकाळी चुलीवर पाणी तापेपर्यंत ती घोसाळ्याच्या वाळल्या जाळीनं कोरडे हात घासत बसायची. एकदा अंगणात बसलेल्या माणसांदेखत मी ओरडलो, "नवरी तू हायेस का तुही भाची?" सगळे हसले. ती घासतच म्हणाली, "कापूस इकून टाका ना मंग. मले का हौस हाये?" आता सगळे मला हसले. मी जाळी हिसकावून चुलीत टाकली. वाळलेली जाळी भर्रकन जळाली. बायको लग्नाला गेलीच नाही. "असे हात तिच्या गालाले कसे लावू?" एवढंच म्हणाली. कापूस शेवटी मी पडत्या भावानंच विकला. आज माझ्या मुलानं न्हाणीघराच्या दाराबाहेरून नातीला विचारलं, "लगन ठरलं का तुहं?" मी त्याच्यावर जोरात खेकसलो. "चुकलं माझं," एवढंच बायकोला म्हणायचं होतं. ती शेवटच्या दुखण्यात पडली होती, तेव्हा उशाशी बसून मी तिला कापसाचा भाव सांगत होतो.