रोवण्याच्या दिवसांतला फुटबॉल

‘सलग तीन दिवस सरावाला गैरहजर राहील त्याचं नाव संघातून कमी. कारण कोणतंही असो.’

हा नियम माझा. नागपूरहून बी.ए. आणि त्यावर शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन मी कोंढ्याकडच्या एका हायस्कुलात खेळाचा शिक्षक म्हणून लागलो. दुसऱ्याच महिन्यात मी तो फळ्यावर लिहिला आणि कोणी पुसू नये म्हणून भोवती चौकट आखली. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. लोकांना शिस्त या शब्दाचा कंटाळा आला होता. मला नव्हता आला.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी तेव्हाही सांगत असे, आजही सांगतो. त्यात लाजायचं काय? वडील धानाचे शेतकरी. मी पाचवीत गेलो तेव्हा ते म्हणाले, “तू आता बांधीत उतरायचं नाई. थोरला हाय, मी हाव. तू पुस्तक धर.” तेव्हापासून रोवण्याच्या दिवसांत सारं घर बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, गुडघाभर चिखलात परे, धानाची रोपं, लावायचं आणि मी ओसरीत बसून भूगोल पाठ करायचो. त्याचं फळ मला मिळालं. म्हणून माझी समजूत पक्की झाली होती, की पोरगा घडवायचा तर आधी त्याला चिखलातून बाहेर काढा. दुसरा रस्ता मला माहीतच नव्हता.

फुटबॉल निवडला, कारण हॉकीला काठ्या लागतात आणि क्रिकेटला सगळंच लागतं. आमच्याकडे एक चेंडू होता, गायरानाचा तुकडा होता आणि अनवाणी पळणारी पोरं होती. बूट कोणाकडेच नव्हते. पण अंगात दम असा, की शाळा सुटल्यावर दीड तास पळवलं तरी चेंडू सोडायला तयार नसत.

कॅप्टन दहावीतला. अंगानं काटकुळा, वर्गात तोंडातून शब्द निघायचा नाही, पण मैदानात त्याचाच आवाज. बाकीची पोरं चेंडू जिथं आहे तिथं धावत, हा चेंडू जिथं येणार तिथं आधी जाऊन उभा असे. ही गोष्ट शिकवून येत नाही. तालुक्याचा सामना पवनीला होता आणि तो जिंकायचा तर त्याच्याशिवाय नाही, हे मला ठाऊक होतं, पोरांनाही ठाऊक होतं.

सामन्याला बारा दिवस राहिले असताना तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. सगळा संघ मागे पाणी पीत होता.

“सर, चार दिवस सुट्टी पायजे होती.”

“काहून?”

“रोवणा हाय. बाबाचा हात मोडला ना, बैलानं पाडलं. परे वर आले. आता नाई लावले तं जून होऊन जातीन.”

“आणि सामना?”

“सामन्याले मी येतोच ना, सर. चारच दिवस मांगून राहिलो.”

“आज तुला चार दिले, उद्या गोलकीपर सहा मागेल. घरी रोवणा कोणाकडे नाही? नियम मी कोणासाठी केला, म्हशींसाठी?”

पोरं हसली. तो हसला नाही. मग मी माझं नेहमीचं सांगितलं. माझ्या बापानं मला एक दिवस बांधीत उतरू दिलं नाही, म्हणून मी आज इथं उभा आहे. “जा, बापाला सांग, सर असं म्हणाले.”

“बाबाले काय सांगू, सर? तो तं खाटेवर हाय.”

उत्तर नसलं की मी आवाज चढवायचो. नाही म्हणजे नाही, म्हणालो. वर अजून एक बजावलं: सामन्यापर्यंत कोणीही शेतात जड काम करायचं नाही. खेळाडूचे पाय ही संघाची मालमत्ता आहे. हे वाक्य मी नागपूरला लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला हजर. तिसऱ्याही. मी खूश झालो. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांना मुद्दाम सांगितलं, “पाहा, नियम म्हटला की होतं सगळं बरोबर.” ते याच भागातले, निवृत्तीला आलेले. पान जुळवता जुळवता म्हणाले, “चांगलं झालं. पण मग त्याच्या बांधीत रोवून कोण राहिलं?”

“करतील काहीतरी.”

“कोण करतील?”

मी विषय बदलला. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. शाळेत तास घेताना, जेवताना, सायकलचं चाक पुसताना तो मध्येच डोकं वर काढायचा, आणि मी त्याला दाबायचो.

त्यात संघाचं काहीतरी बिघडलं. कॅप्टन हरणासारखा पळत होता, पण बाकीचे ढिले पडले होते. बचावातला थोराड पोरगा चेंडूला पाय लावताना तोंड वाकडं करायचा. पळा म्हटलं की पळायचे, पण टाचांवर. एकजण झाडाखाली बसल्या बसल्या झोपला. मी दोन फेऱ्या जास्त दिल्या. तक्रार कोणाची नाही. तक्रार नाही याचंच मला जास्त वाटायला लागलं. पोरं एकमेकांकडे बघायची. मी आलो की बोलणं तुटायचं. मला वाटलं, माझ्याविरुद्ध काही शिजतंय.

एके दिवशी पाहतो तर पाच-सहा जणांची पावलं मेंदीनं लाल.

“काय रे, लग्न काढलं का सगळ्यांचं एका मांडवात?”

“बहिणीनं लावून देल्ली, सर,” गोलकीपर म्हणाला. “आखाडी आली ना.”

“बहीण एक आणि पाय बारा?”

“मेंदी लय वाटली होती, सर. वाया कायले घालवाची?”

सगळे खो-खो हसले, मीही हसलो. कॅप्टन चेंडूची वादी आवळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

पवनीला आम्ही एसटीनं गेलो. समोरचा संघ शहरातला. सगळ्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट. आमची पोरं मैदानाच्या कडेला बसून बोटांना चिंध्या बांधायला लागली. असं ती कधी करत नसत. मी बचावातल्या पोराजवळ गेलो आणि त्याच्या हातातली चिंधी काढून घेतली.

“पाय दाखव.”

“काई नाई, सर.”

“दाखव म्हणतो ना!”

बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी फटक होऊन फाटली होती. आत लाल मांस. मेंदी फक्त वरवर. दुसऱ्याचे पाहिले, तिसऱ्याचे पाहिले. चिखल्या. दिवसेंदिवस चिखलात उभं राहिल्याशिवाय असे पाय होत नाहीत. रोवण्यात माझ्या आईचे पाय दरवर्षी असेच व्हायचे, आणि ती संध्याकाळी चुलीपाशी बसून त्यांवर मेंदीचा पाला वाटून थापायची. मी हे रोज पाहिलं होतं. तरी मला मैदानावर त्या लाल पायांत फक्त लग्नाचा मांडव दिसला होता.

“कोणाच्या बांधीत?” मी विचारलं.

पोरांनी कॅप्टनकडे पाहिलं. मग कॅप्टनच पुढं आला. त्याचे पाय कोरडे, स्वच्छ.

“आमच्या, सर. सकाळी पाचले येत होते. परे उपटत, पेंढ्या वाहत, आईसोबत लावू बी लागत. मले उतरू देत नव्हते. म्हणे, तू गेला सरावाले नाई तं सर नाव काटतीन.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“सांगतलं असतं तं तुम्ही सगळ्यायचंच काटलं असतं,” गोलकीपर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

मी पंचांकडे जाऊन सामना सोडतो म्हणालो. पोरांनी ऐकलं नाही. “आलो तं खेळू ना, सर. इतक्या दूर मूग गिळाले आलो का?” खेळली. एकटा कॅप्टन पळत होता आणि मागे वळून पाहत होता. चेंडू द्यायला कोणी पोचतच नव्हतं. तीन गोलांनी हरलो. परतीच्या गाडीत पोरं झोपली. मी जागा होतो. पदविका, नियम, संघाची मालमत्ता, सगळं एकेक करून तपासत होतो आणि चूक नेमकी कुठं झाली ते सापडत नव्हतं. कारण नियम तर सगळ्यांनी पाळला होता.

वाटलं, संपलं. पण सोमवारी कॅप्टन सरावाला आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही.

पोरांना विचारलं तर म्हणाली, “तो फेडून राहिला, सर.”

कामाला काम, ही इकडची रीत. ज्यानं तुमच्या बांधीत एक दिवस घातला, त्याच्या बांधीत तुम्ही एक दिवस घालायचा. पोरं मैत्रीनं गेली होती, पण पोरं म्हणजे घरचे हात. त्या त्या घरचा रोवणा तितका मागे पडला होता. आता हा घरोघर जाऊन उतरत होता. मी चार दिवस वाचवायला गेलो आणि त्याच्या माथी पंधरा-वीस दिवस मारून ठेवले.

तीन दिवस झाले होते. पोरं माझ्याकडे बघत होती. मी सायकल काढली आणि बचावातल्या पोराच्या शेतावर गेलो. कॅप्टन पेंढ्या वाहत होता. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर आला, अंगावरून पाणी निथळत होतं.

“संध्याकाळी तरी येत जा,” मी म्हणालो.

“येऊन काय पळू, सर? अजून नऊ घरं हायत.” मग म्हणाला, “नाव काटून टाका. तीन दिवस झाले. माझ्यासाठी सोडलं तं उद्या नियम कोण मानीन? तुमीच म्हणता ना.”

राग नव्हता त्याच्या आवाजात. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर त्याचं नाव कमी केलं. पोरं गप्प राहिली. मला वाटलं, पटलं असेल.

गुरुवारी चारला मैदानावर गेलो तर कोणी नाही. साडेचार, पाच. एक म्हैस गोलच्या खांबाला अंग घासत होती. शुक्रवारी तेच. हा संप नव्हता, हे मला गणिताच्या सरांकडून कळलं. पोरं त्याच्याबरोबर घरोघर उतरत होती, म्हणजे तो लवकर मोकळा होईल आणि परत येईल.

“पण मग ते त्यानं पुन्हा फेडायचं?” मी विचारलं.

“तेच तं,” सर म्हणाले आणि इतके हसले की पान तोंडातून पडायला आलं. “तुमचा संघ आता दिवाळीपर्यंत धानातच.”

मला हसू आलं नाही. शनिवार तिसरा दिवस. शनिवारी कोणी आलं नाही, तर माझ्याच नियमानं माझ्याकडे संघ उरत नव्हता. सकाळची शाळा सुटल्यावर मी खोलीवर गेलो, जेवायला बसलो, ताट तसंच सरकवून उठलो. मैदानावर जाऊन वाट पाहावी, की न जावं? गेलो आणि रिकामं दिसलं तर? न गेलो तर गैरहजर मी. शेवटी सायकल शेतांकडे वळवली.

गोलकीपरच्या बांधीत पाच-सहा बाया वाकून रोवत होत्या आणि त्यांच्यामध्ये माझा सगळा संघ. मला पाहून बायांतली एक म्हातारी सरळ झाली.

“आले का मास्तर? चेंडू आणला का? इथं गोल कुठं मारता?”

“आणला असता तं बरं झालं असतं,” दुसरी म्हणाली. “तुमच्या पोरायनं रोवलं ते सारं वर तरंगून आलं. दोनदा रोवून राहिलो आमी. शिकवता काय शाळेत?”

ती कॅप्टनची आई होती. बाया हसत होत्या, पोरं माना खाली घालून हसत होती. मी धुऱ्यावर धुतलेल्या पँटमध्ये उभा. मला एकट्या कॅप्टनला बाजूला घेऊन सांगायचं होतं, पण चिखलातून तो येईपर्यंत सगळ्यांचे कान इकडेच लागले. म्हणून तिथूनच, वरच्या आवाजात सांगितलं: तुझं नाव आहे तिथंच आहे. सगळ्यांची आहेत. रोवणा होईपर्यंत सराव बंद. आणि एकाच्या बांधीत सगळे उतरता, तसे पाळीपाळीनं सगळ्यांच्या बांधीत उतरा, म्हणजे कोणी कोणाचं फेडायचं राहणार नाही.

“हे आदीच सुचलं असतं तं, मास्तर!” म्हातारी म्हणाली.

“सर,” कॅप्टन म्हणाला, “आन् हेडमास्तर?”

“त्यांना मी सांगतो.” काय सांगणार होतो ते मला ठाऊक नव्हतं. “किती दिवस लागतील?”

“तुमी सांगा, सर.”

“मला काय कळतंय त्यातलं. तू सांग.”

त्यानं आजूबाजूच्या बांध्यांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. तिनं बोटं दाखवली की हात झटकला, मला दिसलं नाही.

“आठ दिवस, सर.”

“बरं, आठ,” म्हणालो आणि सायकलवर बसलो. गावाच्या अलीकडच्या नाल्यापर्यंत पोचलो नाही तोच वाटायला लागलं, की सहा म्हणायला पाहिजे होतं.