घोंगडीखालचं इंजिन

पाण्याच्या इंजिनाचं हँडल उलटं फिरलं आणि मी अंबालालशेठच्या केळीत जाऊन पडलो. वाढवून सांगत नाही, मधला अख्खा पाट मी पाय न भिजवता ओलांडला. भिजणार कसे? पाटात पाणीच नव्हतं. ते यावं म्हणून तर मला बोलावलं होतं.

"धुडकूभाऊ," बांधावर बसलेले अंबालालशेठ शांतपणे म्हणाले, "तू इंजिन चालू करी ऱ्हायना, का मन्ही केळी पाडी ऱ्हायना?"

सारंगखेड्याचा तापीकाठ, वैशाखाचं ऊन आणि एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलेलं. त्याआधी मी तिथल्याच यात्रेत घोड्यांचा दलाल होतो. तोंड असं चालायचं की घोड्याची तारीफ ऐकून विकणाऱ्यालाच वाटायचं, असलं जनावर आपण विकतोय कशाला? आणि तो घोडा घेऊन परत घरी जायचा. माझी दलाली बुडायची. पुढं जीपा आल्या, एसटी आली, गिऱ्हाईक रोडावलं. मग मी इंजिन लाइनमध्ये शिरलो. आता याला करिअर बदलणं म्हणतात. तेव्हा आमच्या घरी याला डोकं फिरणं म्हणायचे.

शहाद्याच्या रहीम मिस्त्रींनी मला हाताखाली घेतलं. काम एकच, रॉकेलमध्ये नटबोल्ट धुणं. कुठं इंजिन अडलं की मिस्त्री मला बरोबर न्यायचे. तिथं पोचलं की इंजिनावर घोंगडी टाकायचे, तिच्याखाली हात घालायचे आणि म्हणायचे, "धुडकू, चाय ला." मी चहा घेऊन येईपर्यंत इंजिन धडधडत असायचं. त्या काळात सगळे मिस्त्री असेच. मर्माचं काम ना गिऱ्हाइकाला दिसू द्यायचे, ना चेल्याला. तालुक्यातली एकूण एक चहाची टपरी मला पाठ झाली. इंजिन मात्र मला ओळख देत नव्हतं.

तरी तोंड गप्प बसेल तर शपथ. बाजारात अंबालालशेठ भेटले. त्यांच्या गड्यानं टाकी पार कोरडी होईपर्यंत इंजिन चालवलं होतं. ते बंद पडलं. नंतर टाकी भरली, तरी ते सुरू होईना. मी म्हणालो, एवढ्याशासाठी उस्ताद कशाला, मी आहे ना. आणि मिस्त्रींना न सांगता एकटाच आलो. फिल्टर पुसला, हातोडीनं ठोकलं, सवयीनं इंजिनाच्या पाठीवर थापही मारली. मग हँडल मारलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

"तुन्हा उस्तादले लई ये," शेठ म्हणाले. "मन्हा घोडा ली जाय. आज पानी नही उनं, तर बाजारमा मी सांगसू, धुडकूना हातमा कोनी पाना देवानं नही."

म्हणजे माझी नवी लाइन संध्याकाळपर्यंतच होती. आणि घोडा कुठला? मीच त्यांना विकलेला, वाऱ्याला मागं टाकणारा म्हणून! तो दर निंबाखाली थांबे, पान अन् पान मोजून झाल्याशिवाय हलत नसे. शेवटी मी उतरलो आणि लगाम धरून ओढू लागलो. घोड्यानं मला शहाद्याला नेलं नाही, मी घोड्याला नेलं.

मिस्त्री आता हाकलून देणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "टाकी खाली हुई थी?" मी हो म्हणालो. त्यांनी घोंगडी काखेत मारली आणि स्टँडकडे निघाले. घोडा दुकानामागं बांधून मी त्यांच्या मागं धावलो.

मळ्यात पोचताच घोंगडी इंजिनावर पडली. "धुडकू, चाय ला."

मी हललो नाही. त्या वेळी गेलो असतो, तर जन्मभर चहाच आणत बसलो असतो. मी सरळ घोंगडीखाली हात घातला आणि मिस्त्रींची दोन बोटं दाबली. यात्रेत आम्ही घोड्याचा भाव असाच करायचो, उपरण्याखाली, बोटांनी, तोंडानं चकार शब्द न काढता. मिस्त्रींचे वडील टांगा हाकायचे. ही भाषा त्यांना लहानपणापासून येत होती. मी विचारत होतो, शिकवायचं काय घ्याल?

त्यांनी घोंगडी माझ्याही हातावर ओढली. मग त्यांनी माझं बोट धरून एका बारीक नटावर नेलं. पान्यानं नट जरा सैल केला आणि डिझेलच्या पंपाचा दांडा दाबू लागले. बोटावर डिझेल आलं, पण फुसफुसत, बुडबुड्यांसकट. टाकी कोरडी झाली की नळीत हवा शिरते. ती बाहेर काढल्याशिवाय डिझेल पुढं सरकत नाही. बुडबुडे संपले, धार सरळ लागली, तसं त्यांनी माझं बोट दाबलं. मी नट आवळला. इतके महिने चहा वाहिला तो या एवढ्याशा नटापायी!

वरून बघणाऱ्या शेठना फक्त घोंगडी हलताना दिसली.

मिस्त्रींनी ती काढली आणि मला हँडल मारायला सांगितलं. इंजिन खोकलं, खाकरलं आणि धडधडू लागलं. पाइपातून पाण्याचा लोट पाटात पडला. शेठ वहाणांसकट पाण्यात उतरले.

"काय झायतं तेले?" त्यांनी विचारलं.

"ये हमारा मिस्त्री बताएगा," रहीम मिस्त्री माझ्याकडे बोट करून म्हणाले.

मला मिस्त्री म्हणणारा पहिला माणूस तो. माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण उडून पैलतीराला गेलं असावं. त्या भरात मी आयुष्यात प्रथमच गिऱ्हाइकाला खरं ते सांगितलं. "शेठ, काही नाही. नळीत हवा भरली होती."

शेठचा खिशाकडे गेलेला हात थांबला. "हवा? नदीकाठना मळा मन्हा. आठे हवाच हवा शे. तिना पैसा मी कसाले देऊ?"

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "शेठ, नया आदमी है. नोझलच्या प्रेशरनं उलटा झटका मारला, त्यात फ्यूएल लाइनचा दम कोंडला होता."

"हां," शेठ म्हणाले, "आते समजनं." आणि हात खिशात गेला.

परतीच्या एसटीत मिस्त्रींनी मला एवढंच ऐकवलं, की खरं बोलायचं ते त्यांच्यापाशी बोलायचं. दुसऱ्या दिवशीपासून नटबोल्ट धुवायला दुसरा माणूस आला आणि माझ्या हातात पाना आला. तो मी म्हातारा होईपर्यंत सोडला नाही.

नवा धंदा धरताना खरं काम शिकवणारा एक तरी माणूस गाठा. बाकीचं बोलणं तुम्ही जुन्या धंद्यातून शिकून आलेलेच असता.