डावा डोळा
ऑइलपेंटचा वास आला की मला पेणजवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यातले बिनडोळ्यांचे गणपती दिसतात. तिथे मूर्तींचे डोळे आखणारा म्हातारा कारागीर वारला, तेव्हा त्याच्या चालत्या हाताचा मी काढलेला व्हिडिओ फक्त माझ्या पेणच्या घरच्या कॉम्प्युटरवर उरला होता. तो बघून त्याची मुलगी आखणी शिकत होती. मी रोह्याच्या कंपनीत जन्मभर कॉम्प्युटर सांभाळले, त्यामुळे माऊसला हात लावणं मला कमीपणाचं वाटे. विसर्जन झालं की कारखान्यासाठी काढलेले त्या-त्या वर्षीचे फोटो मी एका ओळीची कमांड देऊन पुसत असे. म्हातारा गेला त्या वर्षी मी चुकीच्या फोल्डरमध्ये होतो आणि न बघताच एंटर दाबलं. मशीनने काही विचारलं नाही, काही सांगितलंही नाही. फोटोंऐवजी तो व्हिडिओ गेला होता, आणि असं पुसलेलं परत येत नाही. रिकाम्या ओळीवर कर्सर तेवढा लुकलुकत राहिला. दुसऱ्या दिवशी मुलगी आली. “काका, उजवा जमला, बाबांचा डावा डोळा काय जमत नाय. परत एकदा दाखवा ना.” मी म्हणालो, “अगो, काल वीज कडाडली नि मशीनच जळलं.” तिचा चेहरा उतरला, पण समजूत तिनेच माझी काढली. “विजेला कोण काय करणार, काका? तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.” वीज पडली नव्हती. हे मी त्याच मशीनवर लिहितो आहे. दर गणपतीला ती स्वतः आखलेली मूर्ती मला आणून देते. मूर्तीचा उजवा डोळा हुबेहूब तिच्या बाबांच्या हातचा वाटतो. डाव्याकडे मला बघवत नाही.