डोलकाठीपर्यंत

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज खाडीच्या धक्क्याला शिडाच्या दोन बोटी शेजारी शेजारी दिसल्या, आणि टाळणं जमेना.

जुनी माझी. अरुंद, जड, पाण्यात खोल बसलेली. नवी निखिलची, माझा मित्र सुधाकर याच्या मुलाची. रुंद, हलकी, सुकाणूपाशी बसून एक दोर ओढला की शीड गुंडाळलं जातं. जुनीवर त्यासाठी हेलकावणाऱ्या बोटीवरून डोलकाठीपर्यंत जावं लागतं. सुधाकर तिथूनच समुद्रात पडला आणि बुडाला. मी सगळ्यांना सांगितलं, बोटच तशी.

बोट तशी नव्हती. वारा मंद असतानाच सुधाकर म्हणाला होता, "अण्णा, शीड आत्ताच कमी करू या."

"एवढ्यात पोटात गोळा आला होय रे?" मी हसलो. आणि वारा अंगावर आल्यावर मीच त्याला शीड गुंडाळायला पुढे डोलकाठीकडे पाठवलं.

एका बोटीच्या उणिवेतून दुसरी बोट शिकते, म्हणून बोटी सुधारत जातात. माझी चूक मात्र मी बोटीच्या नावावर लावून टाकली. त्यातून कोण काय शिकणार?

निखिलने नव्या बोटीच्या दोरावर हात ठेवला. "काका, तेव्हा अशी बोट असती तर बाबा वाचले असते ना?"

"वाचला असता," मी म्हणालो.

जुनी बोट धक्क्याला घासत होती. 'तुझ्या बापाचं मी ऐकलं नाही, मला माफ कर.' एवढंच म्हणायचं होतं. निखिल मान खाली घालून दोर गुंडाळत राहिला, आणि ते माझ्या तोंडातच राहिलं.