हक्क राखून केलेली सही

संधिवाताने माझ्या पत्नीची बोटे वाकली, तेव्हापासून तिच्या साडीच्या निऱ्या मी घालू लागलो. कल्याणच्या कोर्टात जन्मभर दस्तऐवजांच्या घड्या घातल्या. निऱ्या मात्र कधी जमल्या नाहीत. "अहो, साडी आहे ही, समन्स नव्हे," असे ती म्हणे.

नव्वदच्या दशकात ठाण्याच्या एका रुग्णालयात नव्या इंजेक्शनची चाचणी सुरू झाली. सूज उतरवणारे औषध जुनेच; मात्र ते पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच जातीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत भरून सुजलेल्या सांध्यांपर्यंत पोहोचवायचे. पहिल्या इंजेक्शननंतर पंधरवड्याच्या आत तिने निऱ्या स्वतः घातल्या. डोंबिवलीच्या आमच्या खोलीत मी रिकाम्या हातांनी बघत उभा होतो.

त्याच सुमारास माहितीपत्रकातील एका शब्दावर माझी नजर अडली. औषधाच्या दुष्परिणामांना दोन पाने दिलेली. कणांना एकच शब्द, 'निष्क्रिय'. औषध उतरवून झाल्यावर हे कण जातात कुठे? यकृतात साठतात काय? मी रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह, पाच पत्रे लिहिली. उत्तर एकच आले : 'सदर औषध अनेक वर्षे वापरात असून सुरक्षित आहे.' मी औषध वाहून नेणाऱ्या गाडीविषयी विचारीत होतो. ते मालाची ग्वाही देत होते.

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी संमतिपत्रावर साक्षीदार म्हणून सही करताना मी खाली लिहिले : 'वाहक कणांच्या सुरक्षिततेबाबत सर्व हक्क राखून.' तरुण डॉक्टरांनी ते वाचले, कागद टोपलीत टाकला आणि दुसरा पुढे केला.

"काका, असं लिहिलेलं चालत नाही."

"मग कणांचं पुढे काय होतं, ते तुम्ही लिहून द्या."

"विरघळतात, असा अंदाज आहे. किती दिवसांत, तेच तर आम्ही बघतोय."

"कोणात बघताय?"

उत्तर पत्नीने दिले. "माझ्यात. करा सही. तुमच्या पत्रांनी माझी बोटं सरळ झाली नाहीत."

मी सही केली. तिने दंड पुढे केला.

घरी येऊन सहावे पत्र लिहायला घेतले. 'माझी हरकत नोंदवूनही' एवढे लिहिले आणि थांबलो. हरकतीचा कागद टोपलीत गेला होता. रुग्णालयाच्या दप्तरी होती ती माझी बिनशर्त सही.